सरूमावशींचा शाना बोर्ड

सरूमावशी पहिल्यांदा आमच्या घरात आल्या त्या कुणाशी एक शब्द न बोलता सरळ टीव्हीमागे गेल्या. सुप्यातल्या त्या भाड्याच्या खोल्यांत आमचं सामान त्याच सकाळी टेम्पोतून उतरलं होतं. माझी बायको वैशाली शेगडी कुठं मांडायची या विवंचनेत होती आणि मी, टीव्ही लागतो एवढं पाहून, रिमोटनं तो बंद करून जमिनीवर टेकलो होतो. दारातून एक उंच, किडकिडीत बाई आत आली. एका हातानं डोक्यावरचा पदर सावरत तिनं दुसरा हात टीव्हीमागे घातला, बटण बंद केलं आणि टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल ठिपका विझला. मग आमच्याकडे वळून ती हसली.

"लाल डोळा उघडा ठिवू न्हाई. मी शेजारची सरू. पानी भरून घेतलं का तुमी?"

हे सगळं इतक्या मोठ्या आवाजात, की आम्हाला वाटलं बाई रागावली आहे. पण तो त्यांचा नेहमीचा आवाज होता. मावशींनी आणि त्यांच्या नवऱ्यानं, तात्यांनी, जवळजवळ तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवली होती. त्या घरघरीत बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. गिरणीनं त्यांचा आवाज वाढवला आणि कान निम्मे नेले. गिरणी बंद झाली तरी आवाज काही खाली आला नाही, आणि कान तर परत येतच नसतात.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नुकताच लागलो होतो. काष्टीसारख्या गावातून डिप्लोमा करून आलेल्या पोराला असते तेवढी घमेंड अंगात होती. मी मावशींना समजावायला गेलो की तो लाल दिवा म्हणजे काही मोठा खर्च नाही, चिमूटभर वीज जाते. मावशींनी शांतपणे ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, "बिलाचं म्हनतच न्हाई मी. लाईट म्हंजे पाव्हना हाय बाबा. आला तर काम सांगावं, जेवू घालावं. उगं दारात ताटकळत बसवू न्हाई."

त्यांचं हे पाहुण्याचं शास्त्र गिरणीतून आलं होतं. त्या काळात लाईट कधी पहाटे यायची, कधी भर दुपारी. आली की मावशी हातातली भाकरी तव्यावर टाकून मोटर चालू करायला धावायच्या. लोकांचे डबे रांगेत लागलेले असत, आणि लाईट जाण्याआधी रांग संपली पाहिजे. ज्या बाईनं विजेची अशी वाट पाहिली, तिला कुणी बघत नसताना जळणारा दिवा सहन होत नसे. "मानूस निजलं की घरानंबी निजावं," असं त्या म्हणत आणि कुणाच्याही घरात शिरून ते अमलात आणत.

त्यापायी एकदा मोठीच पंचाईत झाली. समोरच्या घरातला मुलगा मोबाईल पुढ्यात धरून नोकरीची मुलाखत देत होता. मावशी कोथिंबीर द्यायला गेल्या, त्यांनी भिंतीवरचं वायफायचं खोकं पाहिलं आणि बटण बंद करून आल्या. मुलाखत तिथंच तुटली. मुलगा रडकुंडीला आला, त्याची आई भांडायला आली. मावशींचं म्हणणं एकच, "आगं, कवाधरनं डोळं मिचकवीत हुतं ते. मला वाटलं बिघडलंय." पुढे त्या मुलाला दुसरीकडे नोकरी लागली म्हणून बरं. पण तेव्हापासून मावशी दारात दिसल्या की गल्लीतल्या बायका आधी बोर्डापुढे जाऊन उभ्या राहत आणि मग "या मावशी" म्हणत.

मावशींच्या स्वतःच्या घरात मात्र एक गोष्ट रात्रंदिवस चालू असे. तात्यांना अर्धांगाचा झटका आला आणि गिरणी थांबली. दळणाची यंत्रं विकून त्या पुढच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती, फक्त "बरं" एवढा एकच शब्द उरला होता. त्या एका शब्दात तात्या सगळं भागवत. चहा हवा असला की "बरं", नको असला की तोंड फिरवून "बरं", आणि कुणी मूर्खपणा केला की लांबलचक "बरंऽऽ". कॉट दाराकडे तोंड करून होती. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आत डोकावून "राम राम तात्या" म्हणे आणि तात्या डावा हात उचलत. गावातल्या प्रत्येक घराचं पीठ त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं.

त्यांचा मुलगा दत्ता चाकणला नोकरीला होता. दोघांना आपल्याकडे नेण्यासाठी तो सारखा मागे लागे. मावशी म्हणत, "सातव्या मजल्यावर ह्यांना राम राम कोन घालंल? मालक हितं दारात हायेत म्हनून हायेत." दत्ता वाईट नव्हता. आईची झोप व्हावी म्हणून त्यानंच तात्यांसाठी हवेची गादी आणली. तिला एक छोटा पंप असतो. तो गादीच्या कप्प्यांत आळीपाळीनं हवा भरतो, म्हणजे पडून राहणाऱ्या माणसाच्या अंगाला एकाच जागी दाब बसत नाही आणि पाठीला जखम होत नाही. दिवसा मावशी दर दोन तासांनी तात्यांना कुशीवर वळवत. रात्रभर ते काम गादी करी आणि मावशींना चार तास डोळा लागे. दत्तानं बजावून ठेवलं होतं, "आई, जगातली सगळी बटणं बंद कर, पण हे एक करू नको. आणि अंगाला काही झालं तर मग मी काही ऐकणार नाही, दोघांना घेऊन जाईन."

टीव्ही, सेट टॉप बॉक्स, स्पीकर आणि तो पंप, सगळ्यांच्या पिना कॉटमागच्या एकाच बोर्डावर होत्या. मावशी रोज टीव्ही बंद झाला की कॉटमागे वाकून एकेक बटण बंद करत, पंपाचं सोडून. एकदा गुडघा दुखावला आणि त्या तिथंच कोसळल्या. कपाळाला खोक पडली. मी कारखान्यातून आलो तर कपाळाला हळद लावून बसलेल्या.

मी पुढच्याच रविवारी पुण्याहून एक स्मार्ट बोर्ड आणला. त्यात एक मुख्य जागा होती, तिथं टीव्हीची पिन घालायची. टीव्ही बंद झाला की त्याच्या शेजारच्या चार जागांची वीज आपोआप तुटायची. टोकाच्या दोन जागा मात्र कायम चालू राहायच्या. मी ओरडून हे समजावलं. मावशींनी बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"म्हंजे थोरला निजला की धाकटी आपसूक निजत्यात?"

"हो मावशी."

"आमच्या घरात असं कधी झालं न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "लईच शाना बोर्ड हाय."

कॉटवरून तात्या म्हणाले, "बरं."

मावशी आत गेल्या, देवघरातून कुंकवाचा आणि हळदीचा करंडा घेऊन आल्या. तेलाचं बोट त्यात बुडवून त्यांनी निजणाऱ्या जागांना कुंकवाचे ठिपके लावले, आणि कधीच न निजणाऱ्या दोन जागांना हळदीचे. पंपाची पिन हळदीच्या ठिपक्यापाशी गेली. मला हसू आलं. सात-आठ महिने ते व्यवस्थित चाललं. आल्यागेल्याला मावशी रिमोट दाबून शाना बोर्ड दाखवत, आणि टीव्हीबरोबर बाकीचे दिवे विझले की स्वतःच हरखून जात.

मग दिवाळीच्या साफसफाईत मी माझी हुशारी दाखवली. बोर्ड जमिनीवर पडून असे, फरशी पुसताना त्याला पाणी लागेल म्हणून मी तो भिंतीवर स्क्रूनं ठोकायचं ठरवलं. सगळ्या पिना काढल्या. फडक्यानं बोर्ड लख्ख पुसला, त्यात हळदकुंकूही गेलं. त्या जागी कारखान्यातल्या मशीनवर छापून आणलेल्या इंग्रजी पट्ट्या चिकटवल्या. मावशी म्हणाल्या, "आरं, माझं ठिपकं?" मी म्हणालो, "आता ठिपक्यांची गरज नाही मावशी, सगळं लिहिलंय." त्यांनी गरम धपाट्यांची ताटली पुढे केली होती. एका हातात धपाटं घेऊन, तोंडानं बोलत, मी पिना परत घातल्या. वायर पुरावी म्हणून बोर्ड उलटा ठोकला होता, त्यामुळं जे टोक आधी उजवीकडे होतं ते आता डावीकडे गेलं होतं. माझा हात सवयीनं उजवीकडे गेला. माझीच पट्टी मी वाचली नाही. तात्या कॉटवरून पाहत होते. ते "बरंऽऽ" म्हणाले, लांबलचक, आणि मी त्यांना म्हणालो, "झालं हं तात्या, झालं."

आठ-दहा दिवसांनी तात्यांच्या कमरेखाली लाल चट्टा उठला, आणि दोन दिवसांत तिथली कातडी सोलवटली. मलमपट्टीला आलेली सिस्टर गादी दाबून पाही तर गादी टणक भरलेली. कुणाला काही उमगेना. मावशी स्वतःला दोष देत बसल्या, "माझंच वळवायचं कमी पडलं." जखमेचा फोटो पाहून दत्तानं फोनवर सांगून टाकलं की उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, आता ऐकणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांपाशी बसलो होतो. मावशींनी टीव्ही बंद केला आणि खोली शांत झाली. फारच शांत झाली. मशीनच्या आवाजावर पोट असलेल्या माणसाला न येणारा आवाज आधी कळतो. पंपाची बारीक घुरघुर थांबली होती. मी रिमोट घेऊन टीव्ही लावला, घुरघुर सुरू झाली. बंद केला, थांबली. रोज रात्री टीव्ही निजला की पंप निजत होता आणि तात्या रात्रभर रिकाम्या गादीवर, खालच्या फळीवर पडून राहत होते. सकाळी मावशी उठल्या की आधी त्यांना टीव्हीवर भजनं लावून देत. सिस्टर येईपर्यंत गादी पुन्हा फुगलेली असे. गिरणीनं नेलेल्या कानांना पंप थांबल्याचं कळणार नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्या तात्यांकडे एकच शब्द होता.

मी पिन बदलली आणि मावशींसमोर जाऊन म्हणालो, "मावशी, माझी चूक झाली."

"काय?"

"पंपाची पिन मी चुकीच्या जागी घातली. माझ्यामुळं झालं हे."

"काय म्हनतो?"

मी रडत होतो आणि ओरडत होतो. "माझी चूक झाली! माझ्यामुळं तात्यांना जखम झाली!"

मावशींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. बहिरी मी हाय, गल्ली न्हाई." मग त्यांनी तात्यांना कुशीवर वळवलं. मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सकाळी दत्ता आला. मी कामावर न जाता तिथंच उभा होतो, सगळं सांगायचं ठरवून. त्यानं वडिलांची जखम पाहिली. मी तोंड उघडलं तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पिन मी बदलली. झाडताना निघाली, दिसंल तिथं घातली. मला मेलीला काय कळतंय इंग्रजी." दत्ता आईला जे बोलला ते इथं लिहीत नाही. मावशी मान खाली घालून ऐकत राहिल्या. मी खरं सांगितलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "दोन म्हयनं दे मला. जखम भरली न्हाई तर तू म्हनशील तिथं येते." दत्तानं वडिलांकडे पाहिलं. तात्यांनी डावा हात कॉटवर दोनदा आपटला आणि म्हणाले, "बरं."

दत्ता रिकामी गाडी घेऊन गेला. मी मावशींना विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"तू खरं बोलला असतास तर त्यानं तुला या दारात उभं केलं नसतं," त्या म्हणाल्या. "मला चुकीचा धनी नको हुता रं. मालकांना वळवाया दुसरा हात पायजे हुता."

मग त्यांनी माझ्या पट्ट्या नखानं खरवडून काढायला लावल्या आणि करंडा पुढ्यात ठेवला. "बुडव बोट." निजणाऱ्या जागांना कुंकू आणि जागणाऱ्यांना हळद मी माझ्या हातानं लावली. त्या ठिपके नीट पाहत होत्या, दळणाचं पीठ बोटांत चोळून पाहावं तसं. "बोर्ड शानाच हाय," म्हणाल्या, "आता तूबी व्हशील."

पुढचे दोन महिने मी रोज शिफ्टला जाण्याआधी आणि आल्यावर तिथं जात होतो. तात्यांना कसं धरायचं, कातडी न ओढता कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठं द्यायची, हे मला मावशींनी शिकवलं. निघताना बोर्डाला हात लावून पाहायची सवय लागली. जखम आधी पसरायची थांबली, मग कडांनी भरत आली. दोन महिन्यांनी दत्ता आला तेव्हा तिथं नुसता गुलाबी वण होता. तो वण त्यानं बोटानं पुन्हा पुन्हा चाचपला. गाडी पुन्हा रिकामीच गेली आणि तात्या दारात राहिले.

तात्या त्यानंतर वर्षभर जगले. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मावशींनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी गेलो तेव्हा तात्या शांत पडलेले होते. टीव्हीवर भजन चालू होतं. मावशींनी रिमोटनं टीव्ही बंद केला, त्याबरोबर बाकीचं सगळं निजलं, फक्त पंप घुरघुरत राहिला. त्या भिंतीपाशी गेल्या, आणि गेल्या काही वर्षांत एकदाही पंपाच्या ज्या बटणाला हात लावला नव्हता ते त्यांनी बंद केलं. गादीतली हवा हळूहळू उतरली. "निजा आता मालक," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा हळू आवाज ऐकला. मग त्या रडल्या.

तेराव्यानंतर दत्ता आईला घेऊन जायला आला. आता नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. गाडीत सामान ठेवताना मी त्याला बाजूला घेतलं आणि वर्षभर पोटात ठेवलेलं सांगितलं.

"मला माहीत होतं," दत्ता म्हणाला. "आई पिन बदलेल हो, पण भिंतीत स्क्रू मारून इंग्रजी पट्ट्या कशी लावेल? पण तिला तुम्ही हवे होता. म्हणून मीही तिच्यावरच ओरडलो. जरा जास्तच ओरडलो."

मावशी जाताना नेहमीप्रमाणे आधी आमच्या घरात शिरल्या, टीव्हीमागचं बटण तपासलं, आणि भिंतीवरून उतरवलेला शाना बोर्ड वैशालीच्या हातात दिला. "ह्याला सांभाळ," त्या म्हणाल्या. बोर्डाला की मला, ते वैशालीनं विचारलं नाही.

चाकणहून त्यांचे फोन यायचे. सोसायटीच्या जिन्यातले दिवे दिवसाढवळ्या जळतात म्हणून त्यांनी वॉचमनला धारेवर धरलं होतं, आणि आता तो वॉचमनच बटणं बंद करत फिरतो असं अभिमानानं सांगायच्या. मी बोलत असलो की मधेच म्हणायच्या, "काय?" आणि मी ओरडायचो. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला शेवटचं भेटता आलं नाही.

परवा दत्ताचा फोन आला. घराला रंग द्यायला काढला होता. रंगाऱ्यानं विचारलं, प्रत्येक बोर्डावर हे कुंकवाचे ठिपके कसले, पुसू का? "मी म्हटलं, अजिबात हात लावायचा नाही," दत्ता सांगत होता. "बोर्डाभोवतीनं रंग मार, पण ठिपके तसेच ठेव."

"आणि हळदीचा?" मी विचारलं. "हळदीचा कुठं होता का?"

"एकच आहे," तो म्हणाला. "दारातल्या दिव्याला. मी सेकंड शिफ्टहून घरी यायचो ना."